गवताच्या पात्यातील बिऱ्हाडकरू

इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टरशर नावाचा परगणा आहे. एप्रिल महिन्यात तेथील एखाद्या कालव्याच्या काठाने आपण चालत गेलो, तर कधीमधी एक चमत्कारिक दृश्य नजरेस पडते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेला एक मनुष्य ओल्या गवतात वाकून उभा असतो. गवताचे एक पाते तो दोन बोटांत धरतो, आकाशाच्या उजेडासमोर नेतो, निरखून पाहतो आणि सोडून देतो. मग दुसरे, मग तिसरे. वाटसरूंना वाटते, ह्याची अंगठी हरवली असावी. वस्तुतः ह्याचे काहीच हरवलेले नसते. ज्याला राहावयास गवताच्या एका पात्याएवढी जागा पुरते, अशा एका पतंगाचा तो ठावठिकाणा शोधीत असतो, आणि तो सापडल्यावर परगण्याच्या वहीत त्याची एका ओळीची नोंद करणार असतो. ही एक ओळ लिहिण्यास किती सायास पडतात आणि ती चुकली तर काय बिघडते, हे आज मला सांगावयाचे आहे.

गवताचे पाते आपल्याला कागदासारखे सपाट दिसते. पण त्याला वरचा आणि खालचा असे दोन पापुद्रे असतात व त्यांच्यामध्ये हिरवा मगज असतो. काही कीटकांच्या अळ्या इतक्या लहान व चपट्या असतात, की त्या ह्या दोन पापुद्र्यांच्या मधल्या जागेत शिरून मगज खात खात पुढे सरकतात. बाहेरचे पापुद्रे शाबूत राहतात. खाल्लेला भाग मात्र पांढुरका पडतो आणि उजेडासमोर धरला की चिमणीच्या काचेसारखा पारदर्शक दिसतो. आत काळा ठिपका हलताना दिसला, तर ते अळीचे डोके. भिंती खावयाच्या नाहीत, घर मात्र आतून खाऊन टाकावयाचे, असा हा बिऱ्हाडकरू आहे.

हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. ज्यांच्या परसात लिंबाचे झाड आहे, किंवा ज्यांचे विदर्भात संत्र्याचे बगीचे आहेत, त्यांनी कोवळ्या पानांवर रुपेरी नागमोडी रेघा पाहिल्याच असतील. आपला शेतकरी तिला नागअळी म्हणतो, आणि हे नाव पंडितांनी बनवलेल्या कोणत्याही पारिभाषिक शब्दापेक्षा सरस आहे. ह्या नागअळीच्या पतंगाला शास्त्रीय नाव देणारा पुरुष आणि आज ज्या गवतपतंगांची गोष्ट मी सांगतो आहे, त्यांच्या अभ्यासाचा पाया घालणारा पुरुष एकच होता. हेन्री टिबॅट्स स्टेन्टन हे त्याचे नाव. लंडनजवळच्या लुइशॅम येथे राहून त्याने १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून लिंबाच्या नागअळीच्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्म पतंगांच्या जीवनक्रमावर त्याने १८५५ ते १८७३ ह्या काळात तेरा खंडांचा ग्रंथ काढला, आणि तो इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व लॅटिन अशा चार भाषांत एकदम छापला. बोटाच्या नखावर मावेल अशा जिवासाठी चार भाषांचा खटाटोप करणारा मनुष्य विक्षिप्त म्हणावा की दूरदर्शी, हे ज्याने त्याने ठरवावे. लिंबाच्या बागा राखणाऱ्यांना तरी त्याला विक्षिप्त म्हणता यावयाचे नाही.

ब्रिटनमध्ये पतंगांच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत. त्यांपैकी सुमारे नऊशे मोठ्या पतंगांच्या आणि उरलेल्या सूक्ष्म पतंगांच्या. ह्या सूक्ष्मांत एलाकिस्टा नावाचा एक वंश आहे. त्याचे हे नाव ट्राइट्श्के ह्या शास्त्रज्ञाने १८३३ साली ठेवले. त्यासाठी घेतलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लहानात लहान’ असा आहे. ह्या वंशाच्या बहुतेक जातींच्या अळ्या गवतांची किंवा गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पतींची पाती पोखरतात. एकट्या ब्रिटनमध्ये ह्या वंशाच्या चाळीसहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबात पाहुण्याची होते तशी अभ्यासकाची अवस्था होते. तोंडावळा सर्वांचा एकच. कोण कोणाचा हे विचारल्याशिवाय कळत नाही.

कालव्याकाठचा मनुष्य ज्याला शोधतो आहे, त्याचे नाव एलाकिस्टा मॅक्युलिसेरुसेला. ह्याचे पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत दहा-बारा मिलिमीटर भरतात, म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांएवढे. पुढचे पंख शुभ्र. त्यांवर मध्याच्या अलीकडे पिवळसर तपकिरी रंगाचा एक अर्धवट पट्टा, आणि पलीकडे दोन्ही कडांना समोरासमोर तशाच रंगाचे दोन डाग. कधी हे दोन डाग मध्यभागी एकमेकांना मिळतात. ह्या वंशात एवढी स्पष्ट निशाणी अंगावर बाळगणारे थोडेच, म्हणून नवशिक्याला हा त्यातल्या त्यात दयाळू पतंग म्हणावयाचा.

त्याचे नाव मात्र तितकेसे दयाळू नाही. ‘सेरुसा’ म्हणजे लॅटिनमध्ये रंगाऱ्याचा सफेता, आणि ‘मॅक्युला’ म्हणजे डाग. तेव्हा सफेत्यावरचा डाग असा ह्या नावाचा अर्थ. १७९६ साली ह्यूब्नरने त्याला नुसते सेरुसेला म्हटले होते. परंतु ते नाव त्यापूर्वीच, १७७५ साली, दुसऱ्याच एका पतंगाला दिले गेले होते, आणि शास्त्रीय नामकरणाच्या नियमानुसार एकदा लागलेले नाव दुसऱ्यास लागू शकत नाही. पुढे १८८१ साली ऱ्योस्लरने दिलेले मोनोसेमिएला हेही नाव काही ग्रंथांत चालले. शेवटी ब्रुआं ह्याने १८५९ सालीच दिलेले आजचे नाव जुने म्हणून ग्राह्य ठरले. ह्याचा व्यावहारिक परिणाम असा, की परगण्याच्या जुन्या वह्या चाळणाऱ्यास एकाच पतंगाच्या नोंदी दोन-तीन नावांखाली सापडतात, आणि त्या तीन जाती नसून एकच आहे हे माहीत नसेल, तर बेरीज चुकते. जमिनीच्या उताऱ्यात एकाच खातेदाराची तीन प्रकारे लिहिलेली नावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

आता ओळख पटवावयाची कशी? पहिली पायरी पतंगाची नव्हे, गवताची आहे. ह्या जातीची अळी मुख्यतः पाणथळ काठांवर वाढणारे, माणसाच्या छातीइतके उंच होणारे फॅलॅरिस अरुंडिनेशिया हे गवत पोखरते; क्वचित तिच्या खाणी बोरूच्या जातीच्या नळगवतातही आढळतात. अडचण अशी, की एप्रिलमध्ये ह्या गवतांना फुलोरा नसतो, आणि फुलोऱ्यावाचून गवत ओळखणे भल्याभल्यांना जड जाते. अशा वेळी पाते आणि खोडाभोवतीचे वेष्टण जेथे जुळतात, त्या सांध्यापाशी पाहावे लागते. तेथे फॅलॅरिसला पातळ पडद्यासारखी एक जिभली असते. नळगवतास त्या जागी केसांची झालर असते. शेजारीच ग्लिसेरिया मॅक्सिमा नावाचे तिसरे उंच गवत उगवते. त्याच्या पात्याचे टोक होडीच्या नाळेसारखे मिटलेले असते, आणि त्याला पोखरणारा पतंग निराळा आहे, एलाकिस्टा पोई. ह्या पोई नावाचीही गंमत आहे. पूर्वी हे ग्लिसेरिया गवत ‘पोआ’ ह्या वंशात मोडत असे, म्हणून पतंगाला ते नाव मिळाले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी गवताला तेथून उठवून दुसऱ्या वंशात बसविले. पतंग मात्र जुन्याच पत्त्यावर राहिला. केवळ नावावर विसंबून जो पोआ गवतात त्याला शोधील, त्याच्या हाती काही लागणार नाही.

दुसरी पायरी पोखरणाऱ्याची जात पाहण्याची. पाते पोखरणाऱ्या सर्वच अळ्या पतंगांच्या नसतात. काही माशांच्या अळ्याही हाच उद्योग करतात. आपल्याकडे भाताच्या पानात शिरून ते पांढरे करणारी अळी तर एका काटेरी भुंगेऱ्याची असते. भिंगाखाली हा निवाडा फारसा अवघड नाही. पतंगाच्या अळीला कठीण कवचाचे निश्चित डोके असते, आणि एलाकिस्टाच्या अळीला छातीवर पायही असतात. माशीच्या अळीला ना डोके, ना पाय. तोंडाच्या जागी केवळ काळ्या आकड्यांची एक जोडी. अळी निघून गेली असेल आणि रिकामी खाण तेवढी उरली असेल, तर प्रश्न कठीण होतो. अशा रिकाम्या खाणीवरून गवतपतंगाचे नाव लिहिण्याचा मोह अनुभवी मनुष्य आवरतो.

तिसरा आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अळी घरी आणून वाढविणे. पाते मुळासकट किंवा देठाकडून तोडून, ओलसर कागदाचा तुकडा घालून झाकणाच्या डबीत ठेवतात. फार ओल झाली तर बुरशी येते, कमी झाली तर पाते वाळून अळी उपाशी मरते. हे मधले प्रमाण पुस्तक वाचून साधत नाही. ह्या वंशातील कित्येक अळ्या एक पाते संपले की बाहेर येऊन दुसऱ्यात शिरू शकतात, म्हणून ताजी पाती हाताशी ठेवावी लागतात. पूर्ण वाढ झालेली अळी अखेर खाण सोडून बाहेर पडते आणि पात्यावर किंवा डबीच्या झाकणावर कोषात जाते. बहुतेक पतंग आपला कोष रेशमाच्या वेष्टणात, नाहीतर मातीत दडवतात. एलाकिस्टाचा कोष बहुधा उघडाच असतो. शेपटीकडचे टोक चिकटवलेले, आणि कमरेभोवती रेशमी धाग्याचा एक करगोटा. आपल्याकडे कढीलिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या फुलपाखराचा कोष ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही तऱ्हा चटकन ध्यानी येईल. एवढ्याशा पतंगाने थोराड फुलपाखराची रीत उचलावी, ह्याचे मला अजून कौतुक वाटते. दोन-तीन आठवड्यांनी एके सकाळी डबीत पांढऱ्या पंखांचा ताजा पतंग बसलेला असतो. त्याच्या अंगावरचा खवला न् खवला जागेवर असतो, आणि कोणत्या गवतातून तो आला हे पाळणाऱ्याला ठाऊक असते. एवढ्या दोन गोष्टी हाती असल्या, की बहुतेक संशय फिटतात.

परंतु सर्वांना एवढी सवड नसते. पुष्कळशा नोंदी उन्हाळ्यात, मे ते ऑगस्टच्या दरम्यान, दिव्याच्या सापळ्यात आलेल्या किंवा संध्याकाळी जाळ्याने गवत झोडताना मिळालेल्या पतंगांच्या असतात. येथे खरी कसोटी लागते. पतंगाच्या पंखांचा रंग म्हणजे त्यावरचे खवले. चार दिवस उडाला, गवतात घासला, की खवले झडतात आणि डाग पुसट होतात. झिजलेला मॅक्युलिसेरुसेला दुरून पाहणाऱ्यास एलाकिस्टा अर्जेंटेला ह्या निष्कलंक पांढऱ्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातीसारखा दिसू शकतो. त्याच्याच वंशातील राखी, करड्या, एका पट्ट्याच्या जातींविषयी तर बोलावयासच नको. अशा वेळी एकच मार्ग उरतो, आणि तो सुखाचा नाही. पतंगाला मारून त्याचे उदर वेगळे करतात. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ते गरम करून मऊ भाग विरघळवतात. मग उरलेली जननेंद्रियांची कठीण चौकट कुंचल्याने साफ करून काचपट्टीवर बसवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पंखांवर एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींच्या ह्या चौकटी बहुधा स्पष्ट निराळ्या असतात.

ह्या परीक्षेला नाक मुरडणारेही थोर लोक होऊन गेले. विल्टशर परगण्यातील मार्लबरो येथे शिक्षक असलेल्या एडवर्ड मेरिक ह्यांनी आयुष्यभरात सूक्ष्म पतंगांच्या हजारो नव्या जातींची वर्णने केली. बिहारमधील पुसा येथील सरकारी कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिज फ्लेचर ह्यांच्यासारख्यांनी पाठविलेले हिंदुस्थानचे पुष्कळ नमुने, तसेच उत्तर कानडा जिल्ह्यातून गेलेले नमुने, त्यांच्याच मेजावर ओळखले गेले. मेरिक पंखांच्या शिरा आणि भिंगातून दिसेल तेवढे प्रमाण मानीत; जननेंद्रियांची तपासणी त्यांनी कधी मानली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर गेट्स क्लार्क ह्या अमेरिकन अभ्यासकाने त्यांच्या मूळ नमुन्यांची छायाचित्रे व जननेंद्रियांची चित्रे १९५५ ते १९७० ह्या काळात आठ खंडांत प्रसिद्ध केली. एका माणसाने टाळलेले काम दुसऱ्याच्या आयुष्याची पंधरा वर्षे घेऊन गेले. सुदैव इतकेच, की मेरिक ह्यांनी नमुने जपून ठेवले होते.

नमुना जपण्याचे महत्त्व काय, हे ह्याच वंशातील एका प्रकरणाने फार चांगले शिकविले. लुझुला नावाच्या गवतासारख्या वनस्पतीची पाने पोखरणारा, काळसर पंखांवर चकाकत्या ठिपक्यांचा एलाकिस्टा रेजिफिसेला नावाचा एक पतंग १८४९ पासून शास्त्राला ठाऊक होता. दीडशे वर्षे लोक त्याची नोंद निःशंकपणे करीत आले. २००१ साली फिनलंडचे कैला आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दाखवून दिले, की ह्या एका नावाखाली तीन जाती नांदत आहेत, आणि त्यांपैकी एक तर शास्त्राला सर्वस्वी नवी आहे. झाले! ज्यांनी केवळ ‘रेजिफिसेला पाहिला’ असे लिहून ठेवले होते, त्यांच्या नोंदी एका दिवसात अधांतरी झाल्या. लिहिणाऱ्याची चूक मुळीच नव्हती. त्याच्या काळी जेवढे ज्ञान होते तेवढ्यापुरते तो खरेच बोलला होता. पण ज्याच्या संग्रहात टाचणीवर नमुना शिल्लक होता, त्याची नोंद पुन्हा तपासून नव्या नावाखाली लावता आली. पतंग मारावा की नाही, ह्या प्रश्नावर पुष्कळ वाद होतो. माझे मत असे, की ज्या जातीची ओळख उघड्या डोळ्यांनी पटते तिला मारणे हे पाप आहे, आणि जिची पटत नाही तिला न मारता तिचे नाव लिहिणे हेही फारसे पुण्य नाही. सोडून द्यावयाचे असेल तर पतंगाबरोबर नावही सोडून द्यावे, आणि वहीत ‘एलाकिस्टा, जाती अनिश्चित’ असे प्रांजळपणे लिहावे.

ओळख पटली, आता नोंद. ह्या नोंदीला चार अंगे हवीत: काय, कोठे, केव्हा आणि कोणी. ह्यांपैकी एक जरी गळले तरी उरलेली तीन लंगडी पडतात. त्यांशिवाय पतंग होता की अळी, कोणत्या गवतावर, आणि ओळख कशावरून पटविली, हेही लिहिणे इष्ट. दिव्यावर आलेला पतंग वाऱ्याने दोन मैलांवरून आलेला असू शकतो. पात्यातील अळी मात्र ‘मी येथलीच’ असे सांगते, म्हणून तिच्या नोंदीचे वजन अधिक. ‘कोठे’ ह्याचे उत्तर गावाच्या नावाने देऊन भागत नाही. ब्रिटनच्या नकाशावर शंभर किलोमीटरचे चौकोन आखून त्यांना दोन-दोन अक्षरे दिलेली आहेत. पुढे जितके आकडे लिहावे तितका चौकोन लहान होत जातो. लेस्टर शहराचा बराचसा भाग ‘एस् के ५०’ ह्या दहा किलोमीटरच्या चौकोनात येतो. चार आकडे लिहिले तर एक किलोमीटर, सहा लिहिले तर शंभर मीटर. शंभर मीटरांत कालव्याचा नेमका काठ येतो, आणि पन्नास वर्षांनी कोणी गेले तर त्याच काठावर उभे राहू शकते.

आणि परगणा म्हणजे तरी नेमका कोणता? ह्या प्रश्नाशी माझी धंद्याने ओळख आहे, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. प्रशासनाच्या सरहद्दी प्रशासनाच्या सोयीने बदलतात. लेस्टरशरच्या शेजारचा चिमुकला रटलंड परगणा १९७४ साली लेस्टरशरमध्ये विलीन करण्यात आला आणि १९९७ साली पुन्हा वेगळा काढण्यात आला. पतंगाला ह्याची वार्ताही नव्हती. आपल्याकडे १९६० साली ‘रत्नागिरी जिल्हा’ एवढाच पत्ता लिहिलेले रोपटे आजच्या कोणत्या जिल्ह्यात शोधावयाचे? १९८१ साली त्यातून सिंधुदुर्ग निघाला. ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली पालघर निघाला. ही अडचण हेवेट कॉट्रेल वॉटसन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी फार पूर्वी आली होती. १८५२ साली त्याने ग्रेट ब्रिटनचे ११२ भाग पाडले. मोठे परगणे त्याने तोडले, यॉर्कशरचे तर पाच तुकडे केले. लहान परगणे जोडले. आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. लेस्टरशर व रटलंड मिळून क्रमांक ५५. ह्या उपपरगण्यांना ना कचेरी, ना कर, ना कोणी अंमलदार. त्यांचा उपयोग एकच, तो म्हणजे प्राणी आणि वनस्पती कोठे सापडतात हे लिहिणे. सरकारे आली, गेली, कायदे झाले; वॉटसनच्या रेषा मात्र आजही त्या कामापुरत्या तशाच आहेत. १८७० ची नोंद आणि आजची नोंद शेजारी शेजारी ठेवता येते, ती ह्यामुळे. सरहद्दी आखणाऱ्यांपैकी इतका निःस्वार्थी मनुष्य माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

प्रत्येक उपपरगण्याला पतंगांच्या नोंदी तपासणारा एक नोंदणीकार असतो. हे पद बहुधा बिनपगारी असते. वर्षभर लोक त्याच्याकडे याद्या पाठवितात आणि प्रत्येक ओळीवर हो की नाही हे त्याने ठरवावयाचे असते. त्यासाठी अनेक परगण्यांत जातींची प्रतवारी केलेली आहे. काही जाती कोणीही सांगितल्या तरी ग्राह्य, काहींना छायाचित्र हवे, काहींना नमुना, आणि एलाकिस्टातील कित्येकांना सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा दाखला. नोंद नाकारली गेली की पाठविणारा रागावतो, हे मनुष्यस्वभावास धरून आहे. चांगला नोंदणीकार अशा वेळी ‘तुमचे खोटे’ असे म्हणत नाही. ‘पुरावा अपुरा’ एवढेच म्हणतो. हा फरक जाणणारे लोक कचेऱ्यांत थोडे भेटतात. तेथून नोंदी राष्ट्रीय संग्रहात जातात. ब्रिटनमधील जैविक नोंदींचे मध्यवर्ती केंद्र १९६४ साली मंक्स वुड येथे स्थापन झाले. राष्ट्रीय पतंग नोंदणी योजना २००७ साली निघाली, तेव्हा तिच्यात मोठ्या पतंगांनाच जागा होती. सूक्ष्म पतंगांना प्रवेश मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

ह्या उशिराची किंमत आता कळू लागली आहे. मोठ्या पतंगांच्या संख्येची मोजदाद १९६८ पासून सापळ्यांच्या एका जाळ्याद्वारे सतत चालत आलेली आहे. म्हणून २०२१ साली हिशेब मांडता आला, की १९६८ ते २०१७ ह्या पन्नास वर्षांत ब्रिटनमधील मोठ्या पतंगांची एकूण संख्या सुमारे तेहेतीस टक्क्यांनी घटली. गवतातील सूक्ष्म पतंगांविषयी असे वाक्य कोणासही लिहिता येत नाही, कारण तितकी जुनी, तितकी सलग मोजणी त्यांची झालीच नाही. आणि ह्याच काळात त्यांच्या घरादारावर नांगर फिरला आहे. इंग्लंड व वेल्समधील सखल प्रदेशातील जुनी, न नांगरलेली, खत न घातलेली कुरणे १९३० च्या सुमारास होती, त्यांपैकी सत्त्याण्णव टक्के १९८४ पर्यंत नाहीशी झाली होती. गवत गेले असे नाही. गवत आहे, पण ते एकाच जातीचे, पेरलेले आणि वारंवार कापलेले. नदीकाठचे, रस्त्याकडेचे उभे गवतही शरद ऋतूत नीटनेटकेपणासाठी कापून टाकण्याचा प्रघात आहे. एलाकिस्टाच्या बऱ्याच जातींच्या अळ्या हिवाळा पात्यातच काढतात. ज्या यंत्राने काठ स्वच्छ होतो, त्याच यंत्राने त्या वर्षाचे सारे बिऱ्हाड उचलले जाते, आणि यंत्र चालविणाऱ्याला आपण गवताशिवाय आणखी काही कापले ह्याची कल्पनाही नसते. तो काठ कापू नये, किंवा अर्धाच कापावा, असे सांगावयाचे तर सांगणाऱ्याच्या हाती कागद हवा. ‘येथे अमुक पतंग असावा’ ह्या वाक्याने कोणतीही नगरपालिका थांबत नाही; ‘एस् के’च्या अमुक चौकोनात, अमुक तारखेस, अमुक गवताच्या पात्यात अळी मिळाली व तिच्यापासून पतंग निपजला, हे वाक्य निदान वाचावे तरी लागते.

नकाशावर ह्या नोंदींचे ठिपके मांडले, की आणखी एक गोष्ट दिसते. ठिपक्यांचे पुंजके असतात आणि मधून मधून कोरे चौकोन. प्रथमदर्शनी वाटते, पतंग येथे आहे, तेथे नाही. नीट चौकशी केली म्हणजे कळते, की पुंजक्याच्या मध्यभागी एखाद्या हौशी अभ्यासकाचे घर आहे, आणि कोऱ्या चौकोनाकडे कोणी फिरकलेलेच नाही. म्हणजे नकाशा पतंगांचा आहे तितकाच तो माणसांचाही आहे. शोधले आणि सापडले नाही, ही गोष्ट लिहून ठेवण्याची सवय अजून फार थोड्यांना आहे. रिकाम्या हाताने परत आल्याची नोंद करावयास मन घेत नाही. परंतु तसे लिहिले नाही, तर ‘नाही’ आणि ‘पाहिले नाही’ ह्यांत भेद करण्यास पुढच्या पिढीला काहीच साधन उरत नाही.

म्हणून अनुभवी मनुष्य एप्रिलमध्ये नकाशावरचा एक कोरा चौकोन निवडतो, त्यातून एखादा ओढा किंवा कालवा जातो का ते पाहतो, आणि भिंग व दोन-चार डब्या खिशात टाकून निघतो. फॅलॅरिसची गेल्या वर्षीची वाळकी धाटे दुरून फिकट पिवळी दिसतात. त्यांच्या बुडाशी नवी हिरवी पाती वर येत असतात. तेथे तो वाकतो, एक पाते उजेडासमोर धरतो आणि पांढुरक्या खिडकीच्या खालच्या टोकाशी काळा ठिपका हलतो का, हे पाहतो.